शाळा सोडल्याचे कारण

आमच्या वाडीच्या शाळेत एक लोखंडी पेटी आहे आणि तिच्यात शाळेची जुनी जनरल रजिस्टरे कापडात गुंडाळून ठेवलेली आहेत. गेल्या वर्षी श्रावणात मी त्यांतले सर्वांत जुने रजिस्टर पहिल्यांदा हातात घेतले. वाडीतील एका वृद्ध गृहस्थांना जातीच्या दाखल्यासाठी आपल्या वडिलांच्या शाळेतील नोंदीचा उतारा हवा होता. शाळेतील एकट्या बाई पहिली ते पाचवीच्या मुलांना एकाच खोलीत शिकवत होत्या आणि मी शाळा व्यवस्थापन समितीच्या कामासाठी तेथे आले होते. बाईंनी ते रजिस्टर माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हीच बघता का? हे जुने वळण मला लागत नाही आणि मुले सोडून मला बसता येणार नाही." हल्ली शाळेत मुलाचे नाव घालायला येणाऱ्यांपेक्षा असा उतारा मागायला येणारी माणसे अधिक झाली आहेत, हेही त्यांनीच सांगितले.

मी पडवीत बसले. बाहेर पाऊस धरला होता. रजिस्टरावर जिल्हा परिषद स्थापन होण्यापूर्वीचा, म्हणजे १९६२ च्या आधीचा शिक्का होता. आत रकाने होते: अनुक्रमांक, संपूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. जन्मतारखांच्या रकान्यात पानेच्या पाने १ जून ही एकच तारीख होती, कारण आईबापांना तिथीही आठवत नसे आणि गुरुजींना जूनमध्ये मूल शाळेत बसवायचे असे. माझीही जन्मतारीख तीच आहे. प्रगतीच्या रकान्यात बहुतेकांपुढे 'बरी' लिहिलेले होते, क्वचित कोणापुढे 'चांगली'. एका मुलाच्या चार वर्षांच्या शिकण्याचा हिशेब तेव्हा एका शब्दात संपत असे.

पाहिजे ती नोंद अर्ध्या तासात मिळाली, पण मी रजिस्टर मिटू शकले नाही. माझे लक्ष 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यावर खिळून राहिले होते. वाडीचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास त्या एका उभ्या रांगेत लिहिलेला होता आणि तो तेथे लिहिलेला आहे, याची वाडीत कोणालाही कल्पना नव्हती.

सुरुवातीच्या पानांवर मुलांपुढे 'गुरे राखण्यास' आणि मुलींपुढे 'घरकामाकरिता' अशी कारणे आहेत. दुसरीतून, कधी तिसरीतून ती मुले गेलेली दिसतात. पुढे पुढे 'पुढील शिक्षणाकरिता' हे शब्द येऊ लागतात, आधी मुलग्यांच्या ओळींत आणि मग पुष्कळ वर्षांनी मुलींच्या. माझ्या स्वतःच्या नोंदीपुढे १९७६ साली 'पुढील शिक्षणाकरिता' असे लिहिले आहे. हे दोन शब्द लिहिता यावेत म्हणून आमचे गुरुजी दोन संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन वडिलांशी बोलले होते. पाचवी ते सातवीची शाळा चार किलोमीटरवर होती, मध्ये पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा होता आणि वडिलांचा नकार त्या पऱ्यावरून होता. गुरुजींनी वाडीतल्या तीन मुलींना एकत्र पाठवायचे ठरवले, तेव्हा वडिलांनी होकार दिला. त्या तिघींपैकी मी एक. 'घरकामाकरिता' ही नोंद त्यानंतर आमच्या रजिस्टरात पुन्हा फारशी सापडत नाही. या शाळेने काय केले असे मला कोणी विचारले, तर मी आधी ही गोष्ट सांगते.

आणि मग 'मुंबईस गेल्याने'. हे कारण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कधीही थांबत नाही. फक्त दोनदा प्रवाह उलटा वाहिलेला दिसतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि लालबाग-परळच्या खोल्यांतील बायकामुले गावी धाडली गेली. आमच्या रजिस्टरात त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी 'पूर्वीची शाळा' या रकान्यात महानगरपालिकेच्या शाळांची नावे ओळीने आली आहेत. संप चिघळत गेला, तशी त्यांतली काही मुले इथेच मोठी झाली, काही पुन्हा मुंबईस गेली. दुसऱ्यांदा असे घडले ते २०२० मध्ये. या वेळी आलेल्या मुलांच्या आधीच्या शाळा विरार, नालासोपारा, दिवा येथील होत्या आणि बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या होत्या. पट अकराचा एकोणीस झाला. दीड-दोन वर्षांत तो परत उतरला. पुढे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणारे 'असर'चे अहवाल वाचताना लक्षात आले, की आमच्या पडवीत जे घडले तेच देशभर घडत होते. ग्रामीण भागातील सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी २०१८ मध्ये ६५.६ टक्के मुले सरकारी शाळेत होती, २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ६६.८ टक्क्यांवर परत आले. संकटात माणसे सरकारी शाळेकडे आली आणि संकट सरल्यावर निघून गेली. ती आली तेव्हा शाळा तेथे उभी होती, ही गोष्ट मात्र या आकड्यांवरून कोणी बोलून दाखवलेली मी वाचली नाही.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडील एका तालुक्यात आहे. कोकणातले गाव म्हणजे एकत्र वसलेली घरे नव्हेत. आठ-दहा वाड्या डोंगराच्या वेगवेगळ्या उतारांवर विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पऱ्ये, सडे म्हणजे कातळाचे उंच माळ आणि वरकस म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनी असतात. म्हणून येथे गावाला एक शाळा पुरत नाही, वाडीला एक लागते. नकाशावर पाहणाऱ्याला या शाळा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. जुलैत जो साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पायपुलावरून पलीकडच्या वाडीत गेला आहे, त्याला त्या तशा दिसत नाहीत.

आणि माणसे कमी होत आहेत, हे तर जनगणनेतच आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गातही त्या दशकात घट झाली. रत्नागिरीत तेव्हा दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा मुलींच्या मानाचा म्हणून अनेकदा सांगितला जातो, पण त्यामागे मुंबईत राबणारे पुरुष आहेत. नंतर बायकाही त्यांच्यामागे गेल्या आणि घरांना कुलपे लागली. जी कुटुंबे राहिली त्यांना एक किंवा दोन मुले. राज्याचा एकूण प्रजनन दर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ इतका होता. आमच्या वाडीत गेल्या पाच वर्षांत चार मुले जन्मली आणि त्यांतली दोन आईबापांबरोबर मुंबईकडे वाढत आहेत. मी शाळेत होते तेव्हा पट चाळीसच्या वर होता आणि दोन गुरुजी होते. आज पट सात आहे. या सातच्या आकड्यातला मोठा भाग शाळेच्या हातात कधी नव्हताच.

वाबळेवाडीचे उदाहरण मला अनेकदा सांगितले जाते. मुंबईला असलेले आमचे वाडीकर गणपतीत घरी येतात, दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात बसतात आणि म्हणतात की शिरूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी रांग लागते, मग आपल्याच शाळेत मुले का नाहीत? वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी शाळेसाठी जमीन दिली, शिक्षकांनी वर्षानुवर्षे झोकून देऊन काम केले, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु पुणे जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात माणसे येत आहेत आणि आमच्या डोंगरातून जात आहेत. शाळा कितीही उत्तम झाली, तरी न जन्मलेले मूल तिच्यात बसू शकत नाही. चांगल्या शाळेचा पट वाढतो, हे जिथे मुले आहेत तिथे खरे आहे. त्यावरून पट घटला म्हणजे शाळा वाईट असे म्हणणे हा अन्याय आहे, आणि आमच्याकडची सगळी चर्चा त्या अन्यायावर उभी आहे.

तरी हेही लिहिले पाहिजे, की सगळा दोष लोकसंख्येचा नाही. वाडीत आज शाळेच्या वयाची बारा मुले आहेत. सात आमच्या शाळेत येतात. पाच मुले सकाळी पावणेआठला डांबरी रस्त्यापर्यंत चालत जातात आणि बाजारपेठेतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पिवळ्या गाडीत बसतात. त्या पाचांपैकी चौघांची नावे आमच्या रजिस्टरात आहेत. त्यांच्यापुढे शाळा सोडल्याचे कारण लिहिले आहे: 'पालकांच्या विनंतीवरून'.

या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला. गुरे राखण्यास, घरकामाकरिता, मुंबईस गेल्याने, ही जुनी कारणे खरी होती. लिहिणाऱ्याने जे पाहिले ते लिहिले होते. 'पालकांच्या विनंतीवरून' हे कारण नाही, ती नुसती कार्यपद्धती आहे. विनंती का झाली, हे त्यात कोठेच नाही, आणि दाखला देताना तसे लिहिण्याची सोयही नाही.

काय घडले ते मी जवळून पाहिले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. आमच्या शाळेतही दोन होते. एक गुरुजी घाटावरचे होते. अकरा वर्षे त्यांनी येथे काढली, खालच्या वाडीत खोली घेऊन राहिले, लावणीच्या दिवसांत मुले शेतावर गेली तर संध्याकाळी घरी बोलावून शिकवले. त्यांच्या काळात आमच्या छोट्या शाळेतली मुले शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसत आणि एक-दोन मुले यादीतही येत. त्यांचे आईवडील मराठवाड्यात होते आणि म्हातारे झाले होते. आंतरजिल्हा बदलीसाठी त्यांनी वर्षामागून वर्षे अर्ज केला आणि तीन वर्षांपूर्वी ती मिळाली. निरोपाच्या दिवशी सगळी वाडी शाळेत होती आणि त्यांना थांबा असे म्हणण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नव्हता, कारण त्यांनी आपल्या आईवडिलांची अकरा वर्षे आमच्या मुलांना दिली होती. त्यांच्या जागी कोणी आले नाही. दुसऱ्या बाईंना मोठ्या पटाच्या एका शाळेत कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर पाठवण्यात आले. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस एक, दोन दिवस दुसरे, असे शेजारच्या शाळांतून शिक्षक येत राहिले. कधी कोणीच आले नाही आणि खिचडी शिजवणाऱ्या वहिनींनी मुलांना जेवू घालून, पाढे म्हणवून घरी पाठवले. मी आणि समितीचे अध्यक्ष तालुक्याच्या कार्यालयात चार वेळा गेलो. चारही वेळा आम्हाला नम्रपणे सांगितले गेले, की पट पाहता तुमची शाळा प्राधान्यक्रमात खाली आहे.

हे एकट्या आमच्या वाडीचे दुर्दैव नव्हते. २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि 'पवित्र' या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलमार्फत पुन्हा नेमणुका होईपर्यंत मध्ये अनेक वर्षे गेली. त्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले. कोकणात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या शिक्षकांची संख्या पूर्वीपासून मोठी आहे आणि बदलीची संधी मिळताच ते आपापल्या जिल्ह्यांत परत जातात, हे स्वाभाविक आहे. त्यांना दोष देणारी भाषा आमच्याकडे ऐकू येते, ती मला मान्य नाही. जाणाऱ्याच्या जागी येणारा आधी ठरवावा आणि मगच जाणाऱ्याला मोकळे करावे, एवढी साधी शिस्त राखली असती, तर आमची चार मुले पिवळ्या गाडीत बसली नसती.

त्या चारांपैकी एकाची आई आमच्या शेजारची. मुलाचे नाव काढायचे ठरले, त्याच्या आदल्या रात्री ती माझ्या आईकडे आली होती. आई या शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांतली, दुसरीतून घरकामाकरिता शाळा सोडलेली. शेजारीण म्हणाली, "काकी, मला काय हौस आहे का फी भरायची? पण पोरगं तिसरीत गेलं नि त्याला वाचायला कोण शिकवणार, ते मला कोणी सांगत नाही." आई काहीच बोलली नाही. मीही समितीची सदस्य म्हणून तिला थांबवण्यासाठी जी वाक्ये मनात जुळवली होती, ती मनातच ठेवली. पालकांना इंग्रजीचे वेड लागले आहे असे जे सहज लिहिले जाते, ते लिहिणाऱ्यांनी अशा एखाद्या रात्री आमच्या पडवीत येऊन बसावे असे मला वाटते. वेड असते तर तिने मुलाला पहिलीतच तिकडे घातले असते. तिने दोन वर्षे वाट पाहिली.

गेल्या गणपतीत मी एक प्रयोग केला. 'असर'ची पाहणी घरी जाऊन होते आणि तिचे साधन अगदी साधे असते: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद, दुसरीच्या पातळीची एक गोष्ट, पुढे हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. तशाच धाटणीचा एक कागद मी हाताने लिहून तयार केला आणि दोन्ही शाळांतल्या मोठ्या मुलांना, आरतीला अवकाश होता तेव्हा, ओट्यावर एकेकट्याने बोलावले. आमच्या शाळेतल्या तिसरी ते पाचवीच्या चौघांपैकी दोन मुलींनी गोष्ट न थांबता, ओघाने वाचली. एक मुलगा शब्द सुटे सुटे वाचत होता. पाचवीतला मुलगा अक्षरांपाशी अडला, आणि जोडाक्षर आले की त्याने कागदावरून नजर काढून माझ्याकडे पाहिले. पिवळ्या गाडीतल्या तिघांनी इंग्रजी धडा मोठ्याने म्हणून दाखवला. त्यातल्या शब्दांचा अर्थ विचारला तेव्हा एकालाच थोडा सांगता आला आणि मराठी गोष्ट तिघांपैकी एकानेच पुरी केली. सात मुलांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही हे मला समजते. पण कोणत्याही शाळेने मिरवावे असे त्या ओट्यावर काही नव्हते. देशाच्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा झाली हे खरे, पण म्हणजे आजही चारांतील तीन मुले तो मजकूर वाचू शकत नाहीत.

अक्षरांपाशी अडलेला तो मुलगा माझ्या मनातून जात नाही. तो २०२० मध्ये पहिलीत आला. त्या वर्षी शाळा बंद होती आणि ऑनलाइन तासासाठी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून सड्यावर चढून जावे लागे. त्याच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असे. दुसरीत त्याला गुरुजी मिळाले आणि तो शब्दांपर्यंत पोहोचला. त्यानंतर गुरुजी गेले आणि पुढची वर्षे आज हे, उद्या ते अशी गेली. अक्षर शिकणे हे रोजचे काम आहे. एका माणसाने रोज त्याच मुलाजवळ बसून कालच्या ठिकाणापासून पुढे नेण्याचे ते काम आहे. ज्या मुलाला कालचे ठिकाण माहीत असलेला माणूसच मिळाला नाही, त्याच्या प्रगतीच्या रकान्यात आपण काय लिहिणार? तो मुलगा मंद नाही. पावसात कोणत्या पऱ्याला कधी उतार पडतो हे तो मला समजावून सांगतो आणि त्याचे सांगणे बरोबर असते.

आता शासनाच्या बाजूबद्दल. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचे ठरले, तेव्हा त्या यादीत कोकणातल्या शाळा पुष्कळ होत्या. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे जवळपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याची कल्पना पुढे आली. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक, असे आकडे त्या वेळी मांडले गेले. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील शाळा नमुना म्हणून सांगितल्या गेल्या. मग २०२४ च्या सप्टेंबरात वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेतील दोनांपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला, त्याविरुद्ध राज्यभरचे शिक्षक २५ सप्टेंबरला सामूहिक रजेवर गेले आणि पुढे तो निर्णय बदलला गेला. दर वेळी आमच्या वाडीत बातमी पोहोचते ती एवढीच, की शाळा बंद होणार आहे. आणि ती बातमी ऐकून पुढच्या जूनमध्ये आणखी एक मूल पिवळ्या गाडीत बसते, कारण बंद होणाऱ्या शाळेत मूल घालण्याचे धैर्य कोणी का दाखवावे?

समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही, हे मी समितीच्या बैठकीतही सांगितले आहे आणि त्याबद्दल वाडीतील काहीजण माझ्यावर नाराज आहेत. आमच्या शाळेत तिसरीत एकच मुलगी आहे. तिच्याबरोबर वाचणारी, तिच्या पुढे जाणारी, तिच्याशी भांडणारी समवयस्क मैत्रीण तिला शाळेत नाही. सात मुलांत कबड्डीचा एक संघ जेमतेम पुरा होतो, दोन संघ तर दूरच. लहान शाळेचे म्हणून जे गुण सांगितले जातात, त्यांतला एक मी डोळ्यांनी पाहते: पाचवीच्या मुली वाचत असतात तेव्हा पहिलीचा मुलगा पाटीवरून मान वर करून ऐकत असतो आणि त्याला पुढच्या इयत्तेतली कविता आधीच पाठ झालेली असते. बहुवर्ग अध्यापन मन लावून करणारा शिक्षक असला, तर हे मोठे बळ आहे. पण एकटेपणा हा एकटेपणाच असतो आणि तो मुलाला जाणवतो. चौथीनंतर, पाचवीनंतर मुलांना मोठ्या शाळेत जाता यावे, गाडीने, वेळेवर, बारा महिने, असे कोणी लिहून दिले तर मी पहिली सही करीन.

माझा आग्रह पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आहे. सहा वर्षांच्या मुलाने चिखलातून, साकवावरून, दुसऱ्या वाडीत जाऊ नये. राज्याच्या नियमांतच पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे आणि ते लिहिणाऱ्याने मुलाच्या पावलांचा विचार केला होता असे मला वाटते. जवळची शाळा सव्वा किलोमीटरवर असल्याचे आमच्याविषयीच्या कागदावर लिहिलेले आहे. ते अंतर डोंगराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत सरळ मोजलेले आहे. पायवाटेने ते अडीच किलोमीटर भरते आणि जून ते सप्टेंबर वाटेतल्या पऱ्याला पाणी असते. गेल्या पावसाळ्यात मी आणि अध्यक्षांनी दोरी घेऊन ती वाट मोजली आणि मोजमाप अर्जासोबत जोडले. त्या अर्जाची पोच आमच्याकडे आहे.

गेल्या जूनपासून मात्र शाळेत बाई आहेत. नव्या भरतीतून आल्या, विदर्भातल्या आहेत, कोकणातला पाऊस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. पहिल्या महिन्यात त्या फार घाबरलेल्या होत्या. आता त्या पऱ्या ओलांडतात. अक्षरांपाशी अडलेला तो मुलगा शाळेत होता तोवर त्याला त्या शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून घेत असत. तो पाचवी पुरी करून मोठ्या शाळेत गेला तेव्हा परिच्छेद वाचत होता, अडखळत, पण वाचत होता. शेजारणीने परवा मला विचारले, की बाई किती वर्षे राहतील. मला उत्तर देता आले नाही. तिला जे विचारायचे होते ते मला समजले होते, कारण तिची धाकटी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार आहे.

यंदाच्या जूनमध्ये आमच्या रजिस्टरात एक नवी नोंद झाली. पहिलीत एक मुलगी आली. तिचे आईवडील दिव्याहून गावी परतले आहेत आणि बागेच्या राखणीचे काम करतात. ती धरून पट सात होतो. परंतु शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यात ज्या मुलाचे आधार जुळते तेच मूल धरले जाते. या मुलीचे आधार ती तान्ही असताना काढलेले, बोटांचे ठसे नसलेले, आणि त्यावर वडिलांच्या नावातले एक अक्षर जन्मदाखल्यातल्या नावाशी जुळत नाही. त्यामुळे ती रोज पहिल्या रांगेत बसते, खिचडी खाते, 'अ' पासून 'ठ' पर्यंत आली आहे, पण मोजणीत ती नाही. संगणकावर आमचा पट सहा दिसतो.

तिच्या आईची त्या दिवसाची मजुरी समितीने द्यायचे ठरले आहे. मंगळवारी सकाळी आठच्या एस.टी.ने आम्ही तिघी तालुक्याला जाणार आहोत. जन्मदाखला, शाळेच्या शिक्क्याचे पत्र आणि रजिस्टरातल्या तिच्या नोंदीचा उतारा बाईंनी काल तयार करून दिला आहे. आधार केंद्र दहाला उघडते आणि दिवसाला ठरावीकच टोकन देतात, म्हणून पहिली गाडी चुकवून चालणार नाही.